टाचणीबाई मुलाला सोडवायला जाते

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी, एका शुक्रवारी टाचणीबाई दुकान मध्येच बंद करून सरांकडे निघाली. तिला आपला मुलगा सोडवून आणायचा होता.

शिलाईचं दुकान तिचं. तोंडात टाचण्या धरूनही ती बोलायची थांबत नसे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. मुलगा मात्र कमी बोलणारा. बावीस वर्षांचा, जेवला की आपलं ताट आपण घासणारा.

दोन वर्षं तो सरांकडे दोर लावून डोंगराचे कडे चढायला शिकत होता. पोरगं टपरीवर बसण्यापेक्षा उन्हात घाम गाळतंय, म्हणून आधी तिला बरंच वाटलं. मग घरात नवी भाषा आली. डोंगर आपला, तळं आपलं, बाहेरून आलेल्यांनी तिथे पाऊल ठेवायचं नाही. मग चढणाऱ्या पोरांचं पथक झालं, काळ्या कापडाचा तागा आला आणि त्यांचे शर्ट तिनेच शिवले.

त्या सकाळी तिच्याकडे काजं-बटणं करणारी बाई रडत आली. ती बाहेरून आलेल्यांपैकीच. रविवारी तळ्यावर पोहायला आलात तर लेकरांसकट हातपाय मोडू, असं पोरं तिच्या दारात बजावून गेली होती. टाचणीबाईने मुलाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सर सांगतील तसं."

सर एकटेच दोर गुंडाळत बसले होते. अंगात साधा पांढरा सदरा. काळा शर्ट त्यांनी शिवायला टाकलाच नव्हता. पुढारी कशाला वर्दी घालतोय, असं बाईच्या मनात आलं.

तिने आडपडदा ठेवला नाही. स्वतःला मूलबाळ नाही म्हणून लोकांच्या पोरांच्या हाती कोलीत देता का, असं तिने विचारलं. एका जरी लेकराला हात लागला तर ठाण्यात जाऊन तुमचं नाव घेईन, हेही सांगितलं. सरांचं लक्ष सारखं दाराकडे. शेवटी उठून त्यांनी दार लावलं.

"उद्या सकाळी कड्यावर एकदा समजावून बघतो," ते म्हणाले. "नाही ऐकलं तर दुपारी मीच ठाण्यात जातो. पण ताई, तिथे सगळी नावं सांगावी लागतील."

"सांगा की. माझ्या पोराचं तेवढं वगळा. तो काय, तुमच्या मागून फरपटत आलेला."

सरांनी दाराची कडी नीट लागलीय का ते पुन्हा पाहिलं. "घरी यातलं काही बोलू नका," एवढंच म्हणाले.

नाक दाबलं की तोंड उघडतं, असं मनाशी म्हणत बाई घरी आली. चेल्यासमोर मान खाली जाईल म्हणून गुरू घाबरला, हे तिने ओळखलं होतं. जेवताना तिने मुलाला सगळं सांगितलं, ठाण्याचं आणि नावांचंसुद्धा. आता तुला कोणाला भ्यायचं कारण नाही, म्हणाली.

मुलाने ताटातला शेवटचा घास संपवला.

"बरं केलंस, आई," तो म्हणाला, आणि तिचंही ताट उचलून घासायला घेऊन गेला.

रविवारी पोरं तळ्यावर उतरली. सगळ्यांत पुढे तिचा मुलगा होता, आणि बाकीचे त्याच्या इशाऱ्याची वाट बघत उभे होते. सर शनिवारी सकाळीच कड्यावरून पडून मेले होते. खाली त्यांचा दोर धरायला मुलगा एकटाच होता.