प्रेतांच्या म्होरक्याचं नाव

"कचरू," आकांक्षानं घोगऱ्या आवाजात सांगितलं, आणि पप्पू मांडीवर थाप मारून म्हणाला, "एकदम बराबर नाव."

परतूरला तिच्या घराच्या माडीवर रविवारी दुपारी चौघं खेळायला बसत. खेळ बोलण्याचा होता. आकांक्षा गोष्ट सांगायची, बाकीचे तिघं त्या गोष्टीतले वीर व्हायचे, आणि झटापट आली की फासा टाकून निकाल लागायचा. गोष्टीत शापित गढी होती, तिचा रक्त पिणारा मालक होता, आणि अंधार पडला की उठणारी प्रेतं होती. मागच्या खेळात तिनं सगळी नावं इंग्रजी ठेवली होती. ती म्हणताना मीनाची जीभ अडखळायची, पप्पूला हसू यायचं, आणि भीती कुणालाच वाटायची नाही. म्हणून या वेळी तिनं ठरवलं, नाव असं पाहिजे की ऐकल्याबरोबर हे गाव आपण पाहिलंय असं वाटावं. त्यात तिचा पुष्कळ वेळ गेला होता. आता पप्पूनं दाद दिल्यावर तिला बरं वाटलं.

तिनं नकाशा पुढं सरकवला. गावाचं नाव काळडोह. मधोमध गढी, भोवती गावकूस, आणि वेशीबाहेर उगवतीला प्रेतांची वस्ती. कचरू तिथला म्होरक्या. गढीवर मेलेली जनावरं तो ओढून नेतो, ती सांगत होती.

प्रेम हसला नव्हता. आकांक्षा शिकवायची त्याच क्लासमध्ये तो गणित शिकवायचा, आणि चौघांत सगळ्यात मन लावून खेळणारा तोच होता. त्यानं नकाशा आपल्याकडं वळवला.

"हे कोणत्या गावावरून काढलं?"

हसनाबादच्या पलीकडं तिच्या आजोबांचं गाव होतं. तिनं त्याचं नाव सांगितलं. लहानपणी सुट्टीत तिथं जायची, गाव डोक्यात होतंच, तसंच कागदावर उतरलं, असंही म्हणाली.

"मला वाटलंच," प्रेम म्हणाला. "माझ्या आईचं माहेर हाये ते." त्यानं वेशीबाहेरच्या वस्तीवर बोट ठेवलं. "इथं. कचरू माझ्या आईचे वडील."

मीनानं हातातला फासा हळूच खाली ठेवला.

 आकांक्षा भराभर बोलायला लागली. आजोबांच्या बोलण्यात हे नाव यायचं, शेतात कामाला असलेल्या कुणा माणसाचं. तेवढं कानात राहिलं होतं. तो कोण, कुणाचा, हे तिला माहीत नव्हतं. कुणाला हिणवायचं तर मनातसुद्धा नव्हतं. नाव खरं वाटलं, म्हणून घेतलं.

"खरंच होतं ते." प्रेमचा आवाज चढला नाही. "त्यांच्या आधीची लेकरं जगली न्हाईत. मंग त्यांच्या आईनं कचरू ठेवलं. मरणानं उचलू न्हाई म्हणून."

आकांक्षा म्हणाली, आत्ताच्या आत्ता बदलते. प्रेमनं विचारलं, बाकीच्या प्रेतांची नावं काय आहेत. ती सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. उकंड्या. धोंडी. तीही आजोबांच्या अंगणातच ऐकलेली.

"आणि गढीच्या मालकाचं?"

"सर्जेराव."

"ते कोण होते?"

"कुणी न्हाई. मनानं ठेवलं."

 पप्पू आकांक्षाच्या शेजारी राहणारा, स्वभावानं मोकळा. त्याला वाटलं, आपण काहीतरी बोलून हे हलकं करावं.

"अरे, आधी हिनं त्या मालकाचं नाव काकासाहेब ठेवलं होतं. हिच्या आजोबांचं. मला फोन करून सांगितलं पण. मंग म्हणली, न्हाई, घरातल्या माणसाचं नाव भुताला बरं दिसत न्हाई."

बोलून गेल्यावर त्यालाही कळलं. तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघायला लागला.

आकांक्षाचे कान तापले. ते नाव बदललं त्या दिवशी तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. खेळातसुद्धा आपण किती जपून वागतो, असं. गढीच्या मालकाच्या आज्या-पणज्यांची नावंही तिनं रचली होती, कोण कसा मेला तेही ठरवलं होतं. खाली रस्त्यावरून कापसाचा टेम्पो गेला, त्यानं माडीची खिडकी थरथरली. 

मग ती म्हणाली, आज राहू दे, पुढच्या वेळी मी सगळं नवीन करून आणते. आणि ती नकाशाची घडी घालायला लागली.

प्रेमनं त्यावर तळहात ठेवला.

"माझी पाळी हाये."

ती थांबली.

प्रेमनं फासा उचलला नाही. "मी तलवार म्यानात घालतो," तो सावकाश म्हणाला. "कचरूच्या समोर जाऊन उभा राहतो. त्यांना विचारतो, तुमचं पूर्ण नाव काय?"

गोष्टीतल्या कुणालाही काही विचारलं की उत्तर गोष्ट सांगणाऱ्यानंच द्यायचं, असा या खेळाचा नेम होता. प्रेम वाट बघत राहिला. मीनाही तिच्याकडंच बघत होती.

आकांक्षानं तोंड उघडलं. त्या माणसाच्या बापाचं नाव, आडनाव, काहीच तिला ठाऊक नव्हतं. वाटेल ते नाव ठोकून देता आलं असतं, एवढे दिवस ती तेच करत आली होती. पण जिभेवर एकही येईना.

"काय होतं त्यांचं पूर्ण नाव?" तिनं विचारलं. विचारताना तिला प्रेमकडं बघता आलं नाही.