अशी बाई नसते

नवऱ्याच्या नव्या परीक्षणाच्या तिसऱ्या परिच्छेदावर तिचं लाल पेन थांबलं आणि डोक्यात तिडीक गेली.

‘अशी बाई नसते,’ असं प्रुफात छापलेलं होतं. ‘नवऱ्याने चारचौघांत एकदा अपमान केला म्हणून ती अडीच तास तोंडातून चकार शब्द काढत नाही, आणि नवऱ्याच्या ते लक्षातही येत नाही! हे निव्वळ दिग्दर्शकाचं खूळ आहे. खरी बाई कधी ना कधी एखादं पातेलं तरी आपटेल.’

ते पातेलं तिचं होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी याच सिनेमाच्या पहिल्या खेळानंतर बाहेर पडताना, थिएटरच्या पायऱ्यांवर, ती अगदी हेच बोलली होती. त्यांचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. त्या दिग्दर्शकावरून शहरात सरळ दोन तट पडलेले. अर्धे लोक शिट्या मारत मध्यंतरातच निघून गेले होते आणि उरलेले पायऱ्यांवर उभे राहून त्याला डोक्यावर घेत होते. तिचा होणारा नवरा या उरलेल्यांचा पुढारी. त्याने मित्रांसमोर तिचं वाक्य मध्येच तोडलं. "तुला काय कळतंय सिनेमातलं?" सगळे हसले. तीही हसली. आपण का हसलो, याचा तिला पुढे कितीतरी वर्षं राग येत राहिला.

एवढ्यावर थांबला तर तो कसला! घरी जाऊन त्याने परीक्षण लिहिलं. ‘भांडी आपटल्याशिवाय ज्यांना राग ओळखता येत नाही, त्यांनी या सिनेमाच्या वाटेला जाऊ नये.’ ते या वर्तमानपत्राला इतकं आवडलं की त्यांनी त्याला नोकरीच दिली. वर्षभराने तिलाही दिली, मुद्रितशोधकाची. तेव्हापासून त्याची सगळी परीक्षणं तिच्या हाताखालून गेली. मतं त्याची, ऱ्हस्व-दीर्घ तिचे.

आता तो दिग्दर्शक सत्तरीला आला होता, म्हणून त्याचे जुने सिनेमे पुन्हा पाहून रविवारच्या पुरवणीत लिहायचं ठरलं. गेल्या रविवारी दोघांनी घरीच हा सिनेमा पाहिला. नवरा वहीत खरडत होता आणि दर दहा मिनिटांनी सिनेमा थांबवून पडद्यावर डाफरत होता. "काय पाहिलं होतं मी यात? डोकं फिरलं होतं माझं!" ती शेवटपर्यंत जागची हलली नाही. संपल्यावरही बराच वेळ बसून राहिली. तिला कसा वाटला, हे त्याने विचारलं नाही.

"ताई, दहा मिनिटांत पान छपाईला सोडायचंय हं." पुरवणीची उपसंपादक टेबलाशी येऊन उभी राहिली. "वाचलंत ना? काय धाडस आहे सरांचं! स्वतःचंच जुनं मत खोडायचं म्हणजे मोठं मन लागतं. संपादक तर जाम खूश आहेत."

मोठं मन! तिची कानशिलं तापली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. प्रूफ उचलून ती तरातरा नवऱ्याच्या टेबलाकडे निघाली. उपसंपादक घड्याळाकडे बघत तिच्या मागोमाग आली.

"हे पातेल्याचं तुला कधी सुचलं?" तिने विचारलं.

"परवा, रविवारी बघताना. एकदम क्लिक झालं." तो खुर्चीत मागे रेलला. "का गं? जमलंय ना?"

खोटं बोलताना तो चष्मा काढून पुसत बसायचा. ती त्याला पुरती ओळखून होती. आत्ता चष्मा नाकावर होता आणि चेहरा शाबासकी मिळालेल्या माणसासारखा. म्हणजे त्याने काही चोरलं नव्हतं. पायऱ्यांवरचं तिचं बोलणं तो विसरलाही नव्हता. विसरायला आधी ऐकावं लागतं. चोर असता तर परवडला असता, असं तिला वाटलं. चोराच्या अंगावर ओरडता तरी येतं.

‘हे माझं मत आहे’ हे शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिथेच अडले. रविवारी पडद्यावरची ती बाई पुन्हा पाहिल्यापासून ते तिचं राहिलं नव्हतं.

"सर, ताईंना काहीतरी खटकलंय वाटतं," उपसंपादक म्हणाली.

"हिला?" तो मोठ्याने हसला. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली आमच्या. एका शब्दाने वाद नाही. विचार कुणालाही! माझं वाक्य न् वाक्य पटतं हिला. अगं, चुका असतील तर सांग पटकन, पान अडलंय."

 त्याने प्रुफासाठी हात पुढे केला आणि नजर पुन्हा समोरच्या कॉम्प्युटरकडे वळवली. तिने प्रूफ दिलं नाही.

"शुद्धलेखनाची एकही चूक नाही," ती म्हणाली.

"मग दे ना सोडून."

"तपशिलाची एक आहे." तिचा आवाज एवढा चढला की आजूबाजूच्या टेबलांवरची सगळी डोकी वर झाली. "अशी बाई असते. सव्वीस वर्षं तुझ्या घरात आहे."