जाणकाराचा घास

"काही विचारू नकोस, सोया सॉस मागू नकोस, फक्त चव घे," ह्यांनी मला चौथ्यांदा बजावलं. घरी मी बांगडा तळला की नाकाला रुमाल लावून गॅलरीत जाऊन बसणारे आमचे हे, दोन विमानं आणि एक बोट बदलून मला जपानच्या टीचभर बेटावर सुशी खायला घेऊन आले होते.

म्हाताऱ्या आचाऱ्याने भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाची पातळ तुकडी ठेवून आमच्यापुढे सरकवली. ह्यांनी डोळे मिटले. "अहाहा! काय ताजा आहे! समुद्रातून थेट उडी मारून आलाय!" आचारी नम्रपणे हसला.

मी घास घेतला. हर्णैच्या बंदरावर आईच्या मासळीच्या टोपलीपाशी वाढलेली मी, तोंडातून निघूनच गेलं, "तीन दिवसांचा आहे. पण काय राखलाय!"

"शूऽ! अपमान होईल त्यांचा!" हे लालेलाल झाले. आचाऱ्याने मात्र भाषांतरासाठी मोबाइल पुढे केला. मी तेच पुन्हा बोलले. ते जपानीत ऐकताच म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली आणि तो माझ्यापुढे कमरेत वाकला. मोबाइल मराठीत म्हणाला, "बरोबर तीन दिवस. मीच मुरवला. सगळे ताजा म्हणून जातात."

परतीच्या बोटीवर ह्यांनी रिव्ह्यू लिहिला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला : "मासा मुरवलेला आहे, हे जाणकाराला पहिल्याच घासाला कळतं."

"छान," मी म्हटलं. "रविवारी बांगडे निवडायला बाजारात जाणकारांनीच जायचं."