लेथची धर्ममाता

साहेबांनो, तुम्ही शहरासाठी आमच्या पायाखालचं पाणी उपसून नेलंत, जमीन पोकळ केलीत, आणि खापर फोडलंत एका लेथवर, लोखंडी दांडे कातायच्या यंत्रावर. तेही एका बाईच्या. खोटं वाटत असेल तर या शहराच्या या टोकाला, इस्तापालापात आणि कापुलिन गल्लीत उभं राहून खोडून काढा.

हेर्लिंदा त्या सकाळी लेथखाली आडवी पडून पायाचे बोल्ट पिळत होती. बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून तिनं हा लोखंडाचा सांगाडा घरी आणला होता. गंज खरवडला, बेडला, म्हणजे त्याच्या लांब सपाट पाठीला, निळा रंग चोपडला, त्यात जिथं उंचवटा दिसेल तिथं हातानं तासून तासून त्याला माणसात आणला. आता फक्त पातळीत बसवायचं राहिलं होतं, आणि तेच होत नव्हतं. सोमवारी पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणावा, तर शनिवारी तो भिंतीकडे पळालेला. रस्त्याची बाजू खाली गेलेली. वाकड्या बसलेल्या लेथवर सरळ दांडा लावला तर त्याचं निमुळतं गाजर होऊन बाहेर येतं. अशा कामाला गिऱ्हाईक कुठून मिळणार? आणि गिऱ्हाईक नाही तर ती खाणार काय?

दुरुस्तीची मदत देण्याआधी भेगा पडलेली घरं तपासायला सरकारी ऑफिसातून आलेला इंजिनिअर दारात उभा राहिला. डोक्यावर पांढरं हेल्मेट. त्याची गाडी गल्लीच्या बंद टोकाला उभी होती. भिंतीतल्या भेगेकडे त्यानं ओझरतं पाहिलं आणि लेथकडे मात्र बराच वेळ.

"वजन किती याचं?"

"दोन टन."

साहेबाचा चेहरा उजळला. "मग झालं तर! यानंच पडलीय भेग."

हेर्लिंदा हात पुसत खालून बाहेर आली. "भेग रस्त्यातून उंबरा ओलांडून आत आलीय, साहेब. माझं लेथ काय रात्री गल्लीत फेरफटका मारायला जातं?"

दाराशी जमलेले शेजारी हसले. तेव्हा साहेब त्यांच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हे धूड आत असेपर्यंत या गल्लीतल्या एकाही घराला दुरुस्तीची मदत मिळणार नाही. बाहेर काढा. आत्ता, माझ्यासमोर."

हसू जागच्या जागी वाळलं.

सगळ्यांत पुढं चायो होती. हेर्लिंदाच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. लेथ घरात आलं, पाद्र्यानं त्यावर पाणी शिंपडलं, तेव्हा त्याचीही धर्ममाता हीच झाली होती. तिनं बांधलेली लाल फीत अजून लेथच्या हातचाकाला होती.

"असं बघू नकोस माझ्याकडे," चायो म्हणाली. "काढ ते बाहेर."

हेर्लिंदानं पाणसळ उचलली, चायोचं मनगट धरलं आणि तिला ओढत गल्लीच्या पार त्या टोकाला तिच्याच स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

"इथं कुठलं लेथ आहे गं? सांग ना!"

"मला काय शिकवतेस?" चायो मनगट सोडवून घेत म्हणाली. "कढईतलं तेल रोज एका कडेला जाऊन बसतं. अंडं तळायला कढईखाली चमचा घालावा लागतो. मला कळत नाही होय, कोण खोटं बोलतंय ते? पण तुझा हा बुडबुडा माझी भिंत बांधून देणार आहे का, कोमाद्रे?"

हेर्लिंदानं ओट्यावरची पाणसळ उचलून घेतली.

परत आल्यावर चायोनं हातचाकाची फीत सोडली आणि एप्रनच्या खिशात कोंबली. "ढकला रे," ती म्हणाली.

बोल्ट हेर्लिंदानं स्वतः काढले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ज्या माणसांनी वाजतगाजत लेथ आत आणलं होतं, त्यांनीच पहारी घातल्या, खाली चाकांसारखे गोल लोखंडी पाइप सरकवले आणि खाली मान घालून ते ढकलायला लागले. लेथ उंबऱ्यावरून कण्हत उतरलं, गल्लीत आडवं झालं आणि थांबलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाजूनं कुत्रं जाईल एवढीच जागा उरली.

साहेब बंद टोकाला अडकलेल्या गाडीत बसला. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग काच खाली करून ओरडला, "बाई, हे बाजूला घ्या!"

हेर्लिंदा लेथच्या बेडवर बसली होती. "कुठं घेऊ?"

"कुठंही न्या! मला काय विचारता?"

"कुठंही म्हणजे कुठं?"

साहेब खाली उतरला. "ए, बघत काय उभे राहिलात? ढकला! मदत हवीय ना तुम्हाला?"

माणसं चुळबुळली. दोघं पुढं झाले. तेवढ्यात चायोनं त्यांच्यातल्या एकाच्या हातात पहार दिली. "टेकव खाली. जरासं उचल." लेथ बोटभर उचललं गेलं. चायोनं खालचा पाइप पायानं गटाराकडे लोटला. मग दुसऱ्या टोकाचा. दोन टन लोखंड रस्त्यावर बसलं तेव्हा गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या.

"हे काय करताय?" साहेब किंचाळला.

"तुम्ही म्हणालात बाहेर काढा. काढलं," चायो म्हणाली. "आता आमची भिंत द्या." मग ती लेथवर हेर्लिंदाशेजारी टेकली. "विचार गं, काय विचारायचं ते."

हेर्लिंदानं पाणसळ साहेबाच्या पुढ्यात धरली.

"या अख्ख्या शहरात जिथं जमीन खचत नाही, अशी एक जागा बोटानं दाखवा, साहेब. लेथ तिथं नेते. हिची चूलही तिथंच नेते. दाखवा ना. कुठंय?"