बोटीवरचा संसार

घर विकून बोटीवर राहायचं, असं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं होतं. बायकोला घर सोडायचं नव्हतं, पण त्याच्या हट्टापायी ती बोट बघायला आली. आत बुरशी धरलेल्या गाद्या, तेलकट चिकट शेगडी आणि पाय ठेवावा तिथे झुरळं.

बोटीच्या म्हाताऱ्या मालकाने संडासाची टाकी उघडून दाखवली, तेव्हा तर दोघंही नाक दाबून मागे सरकले.

"ही दर आठवड्याला पंपाने उपसायची. तळाशी गाळ बसतो, तो हाताने खरवडायचा," म्हातारा म्हणाला. "बाईंचा हात पुरणार नाही. साहेबांनाच करावं लागेल."

"शी! मी काढू हे?" नवऱ्याला ओकारीच आली. "हे काय माणसाचं काम आहे? चल गं, आपलं घरच बरं. तिथे संडास कसा आपोआप लख्ख असतो!"

लग्न झाल्यापासून घरचा संडास एकटीने घासत आलेली बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

 

"काका, बोट आम्ही घेतोय," ती मालकाला म्हणाली. "यांना गाळ काढायला शिकवा."