दोन रिव्हेट, नियमाप्रमाणे

मैदानावरचा बँड थांबला. मंत्र्यांना सलामी द्यायला कप्तानसाहेबांनी तलवारीच्या मुठीला झोकात हात घातला आणि ओढली. तलवार जागची हलली नाही.

चौथ्या रांगेतला तलवारवाला पाय लांब करून आरामात टेकला. शेजारी त्याचे आबा. ‘चला, गंमत दाखवतो’ म्हणत त्याने म्हाताऱ्याला जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी याच कप्तानाने भर बाजारात आबांच्या थोबाडीत मारली होती. “शहरात दंगल पेटलीय, आणि तलवारी विकतोस, थेरड्या?” तलवारी लग्नासमारंभातल्या, बिनधारेच्या. पण तेव्हापासून आबांनी हातोडी उचलली नव्हती. घरात तोंडही उघडत नव्हते.

वर कप्तानाचं फर्मान निघालं. शोभेची तलवार फक्त सरकारी परवान्यावर. म्यानात दोन रिव्हेट मारून पक्की करायची, पेटीला कचेरीचं सील लावायचं, आणि सील फोडायचं थेट समारंभाच्या जागी.

आणि मग कप्तानाच्या स्वारीलाच नवी तलवार हवी झाली; काम आलं या तलवारवाल्याकडेच. परवान्यावर सही स्वतःचीच.

दुसरा हिसका. तलवारीऐवजी कमरेचा पट्टा वर सरकला आणि कप्तान अर्धा गरकन फिरला. मागच्या जवानांच्या मिश्या थरथरू लागल्या. मंत्र्यांनी चष्मा पुसून परत लावला.

हवालदार धावत रांगेत शिरला. “ए शहाण्या! काय करून ठेवलंस हे? आत जायचंय का?”

“नियमाने केलंय, हवालदारसाहेब.” तलवारवाल्याने खिशातून परवाना काढून त्याच्या हातात ठेवला. “रिव्हेट मारले नसते, तर गेलो असतो आत.”

हवालदाराने कागद वाचला. खालची सही वाचली. मग त्याने पाठ फिरवली. खांदे मात्र गदगदा हलत होते.

“डोकी घासलीस?”

तलवारवाला दचकला. आबा बोलले होते.

“हो आबा. रिव्हेटची डोकी घासून म्यानाशी सपाट केली. हात फिरवला तरी कळायची नाहीत.”

“हं.” आबांनी गालावरून सावकाश हात फिरवला. “काम चोख आहे.”

तिसऱ्या हिसक्याला कप्तानाची टोपी पडली. मैदानभर हशा उसळला.

“निघायचं का, आबा?”

“बस रे,” आबा पुढे सरसावून म्हणाले. “अजून एक हिसका आहे त्याच्यात.”