पाटीवरचं पान

"काकू, आपलं चिन्ह सापडलं!" जुन्या खुर्चीच्या हातावर बोट ठेवून केतकी ओरडली. फर्निचरच्या दुकानाची पाटी, कार्डं, पिशव्या, सगळ्यांवर तिला झाडापानांतलंच काहीतरी हवं होतं. "हे पान कोणी कोरलं?"

"ह्यांनी. लाकडात गाठ निघाली की फळी टाकून द्यायचं जिवावर यायचं. मग गाठीवर पान कोरायचे. गिऱ्हाइकाला नक्षी वाटायची."

"किती सुंदर! हेच घेऊया?"

"चालेल."

नवरा गेल्यापासून काकूंचं हेच उत्तर होतं. रंग हिरवा? चालेल. अक्षरं जाड? चालेल. जेवण गरम करू? चालेल.

महिन्याभरात पाटी आली. केतकीने निवडून आणलेली सागाची फळी, मधोमध मशीनवर कोरलेलं तेच पान, हातभर मोठं. काकूंनी त्यावरून बोटं फिरवली. थांबल्या. पुन्हा फिरवली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

"लावायची ना?" केतकीने विचारलं.

काकूंचा हात पानावरच होता.

"ह्यांनी इथं पान कोरलं नसतं गं."

"का?"

"फळी चांगली आहे."